घोडी उतरवून पुन्हा बसवण्याबाबत

इमारतीत त्यांना सगळे मिलिमीटरकाका म्हणत, आणि काकांना ते ठाऊक होतं. वजनमापे खात्यात चौतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढलेल्या माणसाच्या खिशाला पेनाऐवजी स्टीलची सहा इंची पट्टी असते, यात हसण्यासारखं काय आहे हे मात्र त्यांना कधी कळलं नाही. लिफ्टमध्ये कोणी ‘काका, जरा सरका’ म्हटलं की ते ‘किती?’ असं विचारत आणि उत्तर मिळेपर्यंत जागचे हलत नसत. नावाचा त्यांना राग नव्हता. सेंटिमीटरकाका म्हटलं असतं तर आला असता.

अशा माणसाच्या घरात एक तंबोरा होता. तो काकूंचा. काकूंच्या गुरुजींनी कारागिराच्या समोर उभं राहून करून घेतलेला आणि लग्नात स्वतःच्या हातानं दिलेला. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी काकू तो घेऊन बसल्या, तेव्हा काकांनी पेपर खाली करून विचारलं होतं, “याचा आवाज जरा कमी करता येतो का?”

काकांच्या मनात काहीही खोट नव्हती. रेडिओला आवाजाचं एक बटण असतं, इथे तर चांगल्या चार खुंट्या दिसत होत्या, म्हणून त्यांनी माहितीसाठी विचारलं. दुसऱ्या दिवसापासून तंबोरा गवसणी घालून कपाटामागे उभा राहिला. काकांना वाटलं, येतो कमी करता.

त्यानंतर एकतीस वर्षं त्या विषयावर घरात एक अक्षर निघालं नाही. या वर्षी रहिवाशांच्या संमेलनात काकूंनी गावं अशी टूम समोरच्या वहिनींनी काढली, काकू आधी नको नको म्हणाल्या आणि मग एके दिवशी त्यांनी कपाट ओढून तंबोरा बाहेर काढला. त्या पदरानं त्याची धूळ पुसत होत्या आणि काका दारात उभे राहून ते बघत होते. त्या वेळी त्यांच्या मनात पहिल्यांदाच एक संशय आला. तिसऱ्या दिवशी आपण काहीतरी चुकीचं मोजलं, असा तो संशय होता. संमेलनात रविवारी होणारं गाणं चांगलं व्हावं, फार चांगलं व्हावं, असं त्यांना मनापासून वाटू लागलं. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही, कारण वाटणं मोजता येत नाही आणि जे मोजता येत नाही त्यावर विधान करायचं नाही ही खात्याची शिस्त होती.

सोमवारी सकाळी काकू त्यांच्या ताईकडे निघाल्या. बॅग दारात होती, रिक्षा खाली होती आणि काकू जाता जाता तंबोऱ्याला गवसणी घालत होत्या. तंबोरा त्यांच्या खांद्याला टेकलेला होता. काकूंनी गळ्याकडे हात नेला आणि अगदी हळू म्हणाल्या, “आवाज बसलाय. रविवारपर्यंत सुटायला हवा.”

आता इथे सांगायला हवं की तंबोऱ्यालाही गळा असतो. भोपळा जिथे दांडीला मिळतो त्या भागाला गळाच म्हणतात, आणि काकूंचा हात दोन्ही गळ्यांच्या बरोबर मधे होता. पुढेही त्या काही बोलल्या, पण तेवढ्यात लिफ्ट आली आणि काकांना त्यातलं ‘डॉक्टर’ आणि ‘शनिवारपर्यंत बोलायचं नाही’ एवढंच ऐकू आलं. या विषयावर आता चर्चा नको, असं बायको म्हणते आहे, हे काकांच्या लक्षात आलं. बायको इतकी हळू का बोलते आहे, हे मात्र लक्षात आलं नाही. एकतीस वर्षांत ती किती मोठ्यानं बोलते याची नोंदच त्यांनी ठेवली नव्हती.

लिफ्ट खाली गेली आणि काका कामाला लागले. त्यांनी तंबोरा जाजमावर आडवा केला, चष्मा बदलला आणि पाहणी सुरू केली. पहिल्या दहा मिनिटांतच दोष सापडला. भोपळ्यावरच्या लाकडी तबलीवर एक छोटी चौरंगासारखी पट्टी उभी होती, तिच्यावरून चारही तारा जात होत्या, आणि प्रत्येक तारेखाली कसल्यातरी सुताचा एक मळकट तुकडा अडकला होता. एकतीस वर्षं कपाटामागे राहिलं की असं होणारच. काकांनी भुवया कोरायच्या चिमट्यानं ते चारही धागे अलगद ओढून काढले आणि केराच्या डब्यात टाकले. मग त्यांनी तार छेडली. तार ‘ठक्’ म्हणाली.

काकूंचं म्हणणं खरं होतं. आवाज पार बसला होता. खात्यात शिरलेल्या नव्या माणसाला काका पहिल्या दिवशी सांगत की काट्याला हात लावण्याआधी काटा काय दाखवतो ते लिहून घ्यावं. तंबोऱ्याच्या बाबतीत हा नियम त्यांना आठवला नाही. त्यांनी काकूंना फोनवर संदेश पाठवला, ‘आवाजाची काळजी करू नकोस. मी बघतो आहे.’ तासाभरानं उत्तर आलं, ‘तुम्ही काय बघणार?’

निवृत्त निरीक्षकाला असं विचारायचं नसतं. मंगळवारी सकाळी काका वाद्यांच्या दुकानात जाऊन उभे राहिले. दुकान म्हणजे एक लांबट अंधारी खोली होती, छताला न झालेले तंबोरे उलटे टांगलेले आणि खाली लाकडाच्या भुशात एक म्हातारे गृहस्थ कानस घासत बसलेले. काकांनी सगळी लक्षणं सांगितली. म्हाताऱ्यांनी वर न बघता ती ऐकली आणि म्हणाले, जवारी गेलेली दिसते. काकांनी ‘म्हणजे?’ विचारलं. तार घोडीवर टेकते तिथे जी गुंज उठते, जो आवाज फुलतो, ती जवारी, असं म्हातारे म्हणाले. घोडी म्हणजे ती चौरंगासारखी पट्टी. ती उतरवायची, थोडी घासायची, परत बसवायची. तंबोरा इकडे आणू नका, जुना भोपळा आहे, धक्क्यानं तडकेल, मी गुरुवारी हत्यारं घेऊन येतो.

घोडी, जवारी, तबली, भोपळा. काका घरी परतले ते या चार शब्दांची उजळणी करत. नवीन शब्द शिकलेल्या माणसाला तो जगात सगळ्यांनाच येतो असं वाटू लागतं, आणि इथून पुढे जे झालं त्याचं मूळ या वाटण्यात आहे.

इमारतीचा नियम असा होता की बाहेरचा कारागीर घरात काम करणार असेल तर सेक्रेटरींकडे लेखी अर्ज द्यायचा. गेल्या अकरा वर्षांत तो कोणी दिलेला नव्हता. काकांनी दिला. त्यांनी आधी कच्चा मसुदा केला. त्यात विषयाच्या ओळीत ‘तंबोऱ्याच्या’ असा शब्द होता, पण त्यामुळे विषय सात मिलिमीटरनं दुसऱ्या ओळीवर जात होता. विषय एका ओळीत मावला पाहिजे, ही काकांची चौतीस वर्षांची सवय. त्यांनी तो शब्द काढून टाकला. अर्ज पुढीलप्रमाणे होता:

‘विषय: घोडी उतरवून पुन्हा बसवण्यास परवानगी मिळणेबाबत. महोदय, माझ्या राहत्या घरातील घोडीची जवारी गेली असल्याचे जाणकारांचे मत पडले आहे. घोडी एकतीस वर्षांहून जुनी असून तिला पाय दोनच आहेत. पैकी एक किंचित उचलला जातो. घोडी अशक्त नसून मुळातच हाडाची आहे. काम घरातच करावे लागेल, कारण भोपळ्याला धक्का लागता कामा नये. घासताना भुसा पडेल, तो मी स्वतः झाडीन. आवाज होईल, किंबहुना तो व्हावा हाच या कामाचा हेतू आहे. कळावे.’

सेक्रेटरी हे बोलतानासुद्धा ‘सदर’ वापरणारे गृहस्थ होते. त्यांनी अर्ज एकदा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला, आणि विचारलं, “सदर घोडी किती दिवसांपासून घरात आहे?”

“एकतीस वर्षं,” काका म्हणाले. “कपाटामागे.”

सेक्रेटरी खुर्चीत बसले. “आणि इतक्या वर्षांत आजूबाजूला कोणाला आवाज कसा आला नाही?”

काका ओशाळले. खरं ते सांगितलं पाहिजे असं त्यांना वाटलं. “मीच कमी करायला सांगितला होता,” ते म्हणाले. “लग्नानंतर तिसऱ्या दिवशी. तेव्हापासून तिनं आवाज केला नाही.”

सेक्रेटरींनी काकांकडे एका निराळ्याच नजरेनं पाहिलं आणि अर्ज फायलीत लावला.

बुधवारी सकाळी लिफ्टशेजारी नोटीस लागली. इमारतीत घोडा, घोडी अथवा तत्सम जनावर ठेवण्यास, ते लिफ्टमधून नेण्यास आणि त्याच्या उपचारासाठी बाहेरची व्यक्ती आत आणण्यास सक्त मनाई आहे, असं तीत म्हटलं होतं. खाली ‘प्रत माहितीसाठी: प्राणी विभाग, पालिका’. काकांनी नोटीस वाचली. कोणीतरी इमारतीत घोडी आणून ठेवली आहे, याचा त्यांना मनापासून संताप आला. लोकांना शिस्त म्हणून नाही, असं ते वॉचमनजवळ बोललेही.

दुपारी समोरच्या वहिनी आल्या. त्यांनी दारातूनच आत डोकावून नाकाला पदर लावला आणि मग, वास येत नाही म्हटल्यावर, तो काढला. जवारी गेली असं कळलं, त्या म्हणाल्या. त्यांच्या मामांकडे जनावरं असत. ज्वारी सोडली की भिजवलेले हरभरे द्यायचे, सकाळ-संध्याकाळ ओंजळभर, आणि अंगावरून हात फिरवायचा. काकांनी डायरी काढून ‘ओंजळभर म्हणजे किती ग्रॅम’ हे विचारून घेतलं आणि ते ‘इतर सूचना’ या सदरात लिहून ठेवलं. वाद्याच्या बाबतीत लोकांचे काय काय घरगुती उपाय असतात, याचं त्यांना नवल वाटलं. वहिनी जाताना म्हणाल्या की काकू घरात नाहीत हे एका अर्थी बरंच आहे, त्यांना हे बघवलं नसतं. या एका बाबतीत वहिनींचं बरोबर होतं.

गुरुवारी म्हातारे वाद्यवाले ठरल्या वेळी हत्यारांची पिशवी घेऊन फाटकाशी आले. वॉचमननं काय काम आहे विचारलं. घोडीचं, असं ते म्हणाले. वॉचमननं नोटिशीकडे बोट दाखवलं. म्हाताऱ्यांनी पन्नास वर्षांत अनेक अपमान सोसले होते, पण ‘जनावरांच्या डॉक्टरांना बंदी आहे’ हा नवा होता. ते एक शब्द न बोलता परत गेले. काका गॅलरीतून हे बघत होते. ते धावत खाली पोचेपर्यंत म्हातारे कोपऱ्यावर वळलेही होते.

काका तडक सेक्रेटरींकडे गेले, आणि तिथे पहिल्यांदा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला आणि सगळा खुलासा केला. ही तंबोऱ्याची घोडी आहे, ती दहा सेंटिमीटर लांब आहे, हवं तर खिशात घालून आणून दाखवतो. सेक्रेटरींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांना ते समजलंही. पण नोटीस लागलेली होती. ती मागे घ्यायची तर सभा बोलवावी लागेल, सभेला एकवीस दिवस आधी सूचना द्यावी लागेल, आणि नोटिशीत ‘घोडी’ असं स्पष्ट लिहिलेलं असताना कोणाची घोडी हा प्रश्न गौण आहे. काकांना हे सगळं पटलं, हीच खरी शोकांतिका होती. ते स्वतः सेक्रेटरी असते तर त्यांनी शब्दशः हेच सांगितलं असतं.

रविवार तीन दिवसांवर आला होता. काका जिना चढत असताना दुसऱ्या मजल्यावरचे सर भेटले. सर अठ्ठावीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. सेक्रेटरीच्या निवडणुकीत दोन मतांनी हरल्यापासून ते तत्त्व म्हणून नोटीस वाचत नसत, त्यामुळे इमारतीत तंबोऱ्याकडे तंबोरा म्हणून बघणारे तेवढे एकच उरले होते. त्यांनी वर येऊन पाहणी केली. त्यांच्या मते प्रश्न सोपा होता. ध्वनी म्हणजे कंपन. आणि ही घोडी वरून सपाट नाही, तिला मधे चक्क उंचवटा आहे. तार एका जागी टेकायच्या ऐवजी घसटत जाते, कंपन वाया जातं. कारागिरानं आळस केलेला आहे. सपाट करा.

काकांना असं बोलणारा माणूस आवडे. त्यांनी खुंट्या पिळून तारा सैल केल्या. घोडी चिकटवलेली नव्हती, नुसती तारांच्या दाबावर उभी होती, ती हातात आली. टेबलाच्या काचेवर पॉलिश पेपर अंथरून काकांनी ती घासायला घेतली. दर पन्नास हातांनी पाणसळ लावून बघत. तीन तासांत घोडी अशी सपाट झाली की पाणसळीचा बुडबुडा मधोमध येऊन थांबला. काकांनी ती परत ठेवायला घेतली, आणि तेव्हा त्यांना तबलीवर पेन्सिलीची एक बारीक रेघ दिसली. घोडी बसवायच्या जागेची खूण. त्यांनी पट्टी काढली. रेघ जिथे असायला हवी तिथे नव्हती. चार मिलिमीटरनं डावीकडे होती.

काकांनी पुन्हा मोजलं, तेवढंच आलं. एकतीस वर्षं घोडी चुकीच्या जागी उभी होती आणि कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं. त्यांनी खोडरबर आणला, रेघ पुसली आणि बरोबर मध्यावर नवीन ओढली. मग तारा चढवल्या. पहिली तार ‘ठक्’ म्हणाली, दुसरी ‘ठक्’ म्हणाली, तिसरी काहीच म्हणाली नाही. सर म्हणाले, आता उपाय एकच, घोडीच्या पायांखाली रबराचे वायसर द्या. ते दिल्यावर चौथीही गप्प झाली. सर घड्याळ बघून उठले आणि आपल्याला एक काम आठवल्याचं सांगून गेले.

तेव्हा कुठे काका घाबरले. मोजमाप सगळं बरोबर होतं. पाणसळ बरोबर, मध्य बरोबर, पायांची उंची बरोबर, आणि तंबोरा मेला होता. पुसलेली रेघ गुरुजींच्या हातची असणार, हे तेव्हा त्यांना सुचलं. त्यांनी भिंग लावून बघितलं, पण खोडरबर चांगल्या प्रतीचा होता.

शुक्रवारी पालिकेच्या प्राणी विभागातून निरीक्षक बाई आल्या. त्यांच्या हातात अर्जाची प्रत होती आणि ‘हाडाची’, ‘दोन पाय’ आणि ‘तिनं आवाज केला नाही’ या शब्दांखाली लाल रेघा होत्या. यातला शेवटचा सेक्रेटरींनी स्वतःच्या अक्षरात समासात लिहून पाठवला होता. बाईंनी जनावर दाखवा म्हटलं. काकांनी चष्म्याची डबी उघडली. आत कापसावर घोडी होती.

“ही?” बाईंनी विचारलं.

“हीच,” काका म्हणाले. “काल सपाट केली.”

बाई समंजस होत्या. त्यांना हसू आलं आणि ते त्यांनी दाबलं. अडचण वेगळीच होती. तक्रारीवर फॉर्म उघडला गेला होता, आणि एकदा उघडलेला फॉर्म दोनच प्रकारे बंद होत असे: जनावराची नोंदणी किंवा जनावराच्या मृत्यूचा दाखला. मृत्यूचा पर्याय सोपा होता, एका सहीत काम झालं असतं. काकांनी पेन हातात घेतलं आणि परत ठेवलं. दोन दिवसांवर बायकोचं गाणं असताना घोडी मेली असं लिहून देणं त्यांच्या हातून होईना. त्यांनी नोंदणीचा फॉर्म भरला. रंग: पांढरट. उंची: साडेतीन सेंटिमीटर (पूर्वी जास्त). स्वभाव या रकान्यात ते बराच वेळ थांबले आणि मग ‘अबोल’ असं लिहिलं. बाईंनी पितळी बिल्ला दिला. त्यावर ४१७ हा आकडा होता.

शनिवारी दुपारी काकू आल्या. फाटकातच वॉचमननं त्यांना अदबीनं विचारलं की घोडीला आता बरं आहे ना. काकू बोलल्या नाहीत. डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत गळ्याला विश्रांती सांगितली होती आणि हातात एक वही होती. त्या वर आल्या, आणि बैठकीच्या खोलीत जाजमावर सैल तारांचा तंबोरा, रबरी वायसर, पाणसळ आणि चष्म्याच्या डबीतली घोडी बघून दारातच थांबल्या. मग त्यांनी वहीत लिहिलं, ‘हे काय केलंत?’ पेन्सिलीचं टोक मोडलं.

काकांना सांगता येईना. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्यावर अशी वेळ आली नव्हती. तोंडी खुलासा जमत नाही असं दिसल्यावर त्यांनी तारखेप्रमाणे लावलेली फाईल पुढे केली आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मागे कागद उलटल्याचा आवाज येत होता. आता ती रडेल, असं त्यांना वाटलं.

मागून जो आवाज आला तो त्यांनी आधी ओळखला नाही. मोकळा, भरलेला, खालून वर चढत जाणारा. काकू ‘मुळातच हाडाची आहे’पर्यंत पोचल्या होत्या आणि हसत होत्या. त्या खुर्चीत बसल्या, डोळे पुसले, पुढचं पान उलटलं, ‘स्वभाव: अबोल’ वाचलं आणि पुन्हा सुरू झाल्या. पाच दिवस जपलेला, औषधं घेऊनही न सुटलेला त्यांचा आवाज त्या हसण्यात सुटला.

“आवाज माझा बसला होता,” हसू थांबल्यावर काकू म्हणाल्या. “तंबोऱ्याचा नाही.”

“मला वाटलं...”

“घसा बसलेला माणूस समोर उभा होता. एकतीस वर्षांत एकदा जरी माझ्याकडे कान दिला असतात ना, तरी कळलं असतं.”

हे त्या रागानं म्हणाल्या नाहीत, आणि म्हणूनच काकांना ते फार लागलं. त्यांनी मान खाली घातली आणि इतकंच म्हणाले की गुरुजींची रेघ मी पुसली. माझ्या हातून फार मोठी चूक झाली. काकूंनी फाईल बंद केली. त्या चपला घालून बाहेर पडल्या.

तासाभरानं त्या वाद्यवाल्या म्हाताऱ्यांना घेऊन परतल्या. वॉचमन आडवा आला, तेव्हा काकूंनी ‘हे माझ्याकडे चहाला आलेत’ असं सांगितलं आणि दोघं लिफ्टमध्ये शिरले. पाहुण्याला अर्ज लागत नाही, हे नियमातच होतं. काकांनी गेल्या पाच दिवसांत नियम चार वेळा वाचला होता.

म्हाताऱ्यांनी घोडी बोटांवर फिरवली. घोडीला पोट असतं, ते म्हणाले, डोळ्याला दिसत नाही, तारेला कळतं. तुम्ही तिचं पोटच घासून टाकलंत. त्यांनी बारीक कानस घेऊन कडांना हलके हात मारले, वीस-पंचवीसच, आणि दर दोन हातांनंतर तार लावून ऐकत राहिले. पाणसळ काकांनी आपणहून टेबलाखाली सरकवली. मग जागेचा प्रश्न आला. रेघ नव्हती. काकूंनी डोळे मिटले, एका हातानं तार छेडत दुसऱ्या हातानं घोडी केसभर केसभर सरकवत नेली, आणि एका जागी थांबल्या. “इथे,” त्या म्हणाल्या. काकांना राहवेना म्हणून त्यांनी पट्टी लावली. मध्यापासून डावीकडे बरोबर चार मिलिमीटर.

तरी तार अजून पुरती बोलत नव्हती. म्हाताऱ्यांनी वाकून बघितलं आणि पहिल्यांदाच वर मान केली. दोरे कुठे गेले, त्यांनी विचारलं. तारांखाली सुताचे चार दोरे असतात, त्यांच्यावर तर सगळा खेळ आहे. काकांनी केराच्या डब्याकडे पाहिलं. काकूंनी त्यांचा हात धरला, शर्टाच्या बाहीची उसवलेली शिवण पकडली आणि एक लांब धागा ओढून काढला. म्हाताऱ्यांनी त्याचे चार तुकडे केले, एकेक तारेखाली सरकवला, आणि तार छेडली.

खोली भरली. काकांनी हा आवाज एकतीस वर्षांपूर्वी एकदा, पेपरच्या मागून ऐकला होता. तेव्हा तो त्यांना मोठा वाटला होता.

‘तंबोऱ्यावर तुम्ही बसायचं,’ असं काकूंनी रात्री जेवताना जाहीर केलं. साथीला वहिनी बसणार होत्या, पण काकूंनी त्यांना परस्पर सांगून टाकलं होतं. काकांनी आपल्याला काही येत नाही हे चार प्रकारे मांडून बघितलं. तारा चारच आहेत, काकू म्हणाल्या, एकामागून एक, आणि पट्टी घरी ठेवायची.

रविवारी सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत सेक्रेटरी होते. त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी दिसल्यामुळे सर मुद्दाम चौथ्या रांगेत बसले होते. वहिनींच्या पलीकडे प्राणी विभागाच्या बाईही आल्या होत्या, कारण नोंदणी झालेल्या जनावराची पंधरा दिवसांत एकदा पाहणी करायची असते. तंबोऱ्याच्या वरच्या खुंटीला ४१७ नंबरचा बिल्ला लटकत होता. काकूंच्या मागे काका मांडी घालून बसले होते. त्यांचा खिसा रिकामा होता आणि उजव्या बाहीची शिवण कोपरापर्यंत उसवलेली होती.

पहिली पाच मिनिटं काका मनात एक दोन तीन चार मोजत होते. मग काकूंनी स्वर लावला आणि त्यांची मोजणी कुठेतरी हरवली. तो आवाज त्यांच्या घरातून रोज जा-ये करत होता, भाजी काय आणायची हे विचारत होता, आणि त्यात हे सगळं होतं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांचे डोळे मिटले. बोटं आपोआप फिरू लागली, मग जोरात फिरू लागली, मग इतकी जोरात की खुंटीवरचा बिल्ला ताल धरून वाजू लागला आणि सेक्रेटरींनी वळून पाहिलं.

काकूंनी ओळ संपवली, लोकांकडे बघत हसऱ्या चेहऱ्यानं जराशा मागे रेलल्या आणि फक्त काकांना ऐकू जाईल इतक्या, पण अगदी स्वच्छ आवाजात म्हणाल्या, “याचा आवाज जरा कमी करता येतो का?”

‘किती?’ हा शब्द काकांच्या ओठांपर्यंत आला. तो त्यांनी गिळला, तिच्या आवाजाकडे कान दिला आणि बोटं हलकी केली. काकूंनी मान डोलावली आणि पुढची ओळ घेतली.